टेंगळाएवढा माथा

मुलांनो, एखादी जागा उंच की ठेंगणी, हे तुम्ही कशावरून ठरवता? लांबून बघून? की मान किती वर करावी लागते त्यावरून? लगेच उत्तर देऊ नका. आधी गोष्ट ऐका, मग सांगा.

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडे संपतात आणि गवताचा मोठा माळ सुरू होतो, तिथल्या तळ्याकाठी एक कासवीण राहत असे. वयाने ती बहुतेकांपेक्षा मोठी होती, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. स्वभावाने शांत, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तिची इच्छा मात्र एक होती, आणि ती ऐकून तुम्हाला हसू येईल. तिला आपले तळे एकदा वरून बघायचे होते. सगळा जन्म त्या तळ्यात आणि त्याच्या काठावर गेला. पण कासवाची नजर ती किती वर जाणार? गवताच्या बुडख्यापर्यंत. आपले तळे गोल आहे की लांबट, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हते. बगळे उतरता उतरता सांगायचे, "मावशी, वरून काय छान दिसतं गं तुझं तळं!" मावशी हळूच मान आत ओढून घ्यायची.

तिचे मित्र तीन होते. एक कोल्हा. तो मोठा बोलघेवडा. जिथे कधी पाऊल टाकले नाही तिथल्याही वाटा सांगायचा. दुसरा ससा. भित्रा, पण कान असे तिखट की पान गळले तर कुठल्या झाडाचे ते न बघता सांगेल. आणि तिसरे तिरसट साळिंदर. त्याचा काटा कुणाला टोचला, तर ते उलट त्यालाच दरडावायचे, "इतकं जवळ यायला कुणी सांगितलं होतं?"

आता तुम्ही म्हणाल, कोल्हा आणि ससा मित्र कसे? त्याचे असे झाले की, एका दुष्काळात कोल्ह्याने सगळ्यांसमोर शब्द दिला होता, सशाला कधी दात लावणार नाही म्हणून. तो शब्द त्याने पाळलाही होता. पण ससा मात्र त्याच्या पुढे कधी चालत नसे. वाट कितीही रुंद असो, हा आपला मागे. "मला मागून चालायची सवय आहे," असे म्हणायचा. कोल्हा ते ऐकून न ऐकल्यासारखे करायचा, पण त्याचे कान थोडे पडायचे. मावशीने ते पाहिलेले होते.

जंगलातले वडीलधारे सांगत, की माळाच्या मधोमध उंचमाथा नावाची जागा आहे. अख्ख्या माळात तिच्याइतकी उंच जागा दुसरी नाही. तिथे जाईल त्याने आपल्या घरचा एक खडा नेऊन ठेवायचा, अशी जुनी रीत. पण कित्येक पिढ्यांत तिकडे कुणी फिरकले नव्हते. एक कोल्हा सोडून. म्हणजे, तसे कोल्हाच सांगत असे.

"काय सांगू तुम्हाला! ढग असे मानेला घासून जातात," तो म्हणायचा. "खाली बघितलं की भोवळ येते. घारी पायाखालून उडतात, घारी!"

"आणि खडा ठेवलास का?" साळिंदर विचारी.

"ठेवला तर! सगळ्यात वर माझाच आहे."

असे बरेच दिवस चालले. मग एका सकाळी ससा पटकन बोलून गेला, "मग आपल्या मावशीला घेऊन जा की. तिला तळं वरून बघायचंय ना."

कोल्हा दोन पावले मागे सरकला. "नेलं असतं रे. मनापासून नेलं असतं. पण मावशीच्या चालीने निघालो, तर आपली नातवंडं पोचतील तिथे."

"ती सोय मी करतो," असे म्हणून साळिंदर गेले, आणि ताडाखाली पडलेली एक वाळकी झावळी फरफटत घेऊन आले. पंख्यासारखे पसरट पान, आणि ओढायला लांब दांडा. "मावशी, बस. गाडी आली."

कोल्ह्याला आता नाही म्हणता येईना.

वैशाखाचे दिवस. चौघे निघाले तेव्हा दव नव्हते की गारवा नव्हता. कोल्हा दांडा तोंडात धरून पुढे, झावळीवर मावशी, तिच्यामागून ससा, आणि बाजूला खुळखुळ वाजणारे साळिंदर. मावशीने तळ्याच्या तळातला एक पांढरा गुळगुळीत गोटा घेतला होता. तो तिने पुढच्या दोन पायांत घट्ट धरला होता. सशाने आपल्या बिळातला खडा गालात ठेवला होता, त्यामुळे तो दातदुखी झाल्यासारखा दिसत होता. साळिंदराने आपला खडा पाठीवरच्या दोन काट्यांमध्ये अडकवला होता. कोल्ह्याने काहीच घेतले नव्हते.

"माझा तिथे आहेच," तो म्हणाला, आणि भराभर चालू लागला.

पण त्या गाडीचा आवाज! वाळके पान मुरमावरून असे खरवडत जाई, की कानावर पंजे ठेवावेत. खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र. पुढचे तित्तर घाबरून उडाले. एक घोरपड बिळातून डोके काढून शिव्या देऊन गेली.

"मावशी, तुझी गाडी पलीकडच्या जंगलात ऐकू जात असेल," साळिंदर म्हणाले.

"माझ्या कानांत वाळू ओतल्यासारखं होतंय," ससा गालातला खडा सावरत म्हणाला. "थोडी उचलून नेता येईल का?"

"मावशीसकट?" कोल्हा दांडा सोडून म्हणाला. "ये. तू एक टोक धर, मी एक धरतो."

ससा पुढे आला नाही. आवाज सहन करत मागेच चालत राहिला.

माळ संपता संपेना. गवत वाळून सोन्यासारखे पिवळे झाले होते. साळिंदराच्या पाठीपेक्षा उंच, कोल्ह्याच्या कानांपेक्षाही उंच. पाय पडला की कडकड मोडत होते. वाटेत पाण्याचा टिपूस नव्हता. गरम वारा सुटला होता, आणि तो एका बाजूने येऊन सगळे गवत दुसऱ्या बाजूला झोपवत होता. ससा मधेच थांबला आणि नाक उडवू लागला.

"मला जळकट वास येतोय," तो म्हणाला.

"ऊन लागलंय तुला," कोल्हा म्हणाला.

"नाही रे, खरंच. धुराचा वास आहे."

"सशा, तुला मागच्या महिन्यात वाघाचा वास आला होता. वाघ निघाला का? फणस निघाला." सगळे हसले. ससाही हसला, पण त्याचे नाक हलायचे थांबले नाही. मावशी हसली नाही. तिने गोट्यावरची पकड आणखी घट्ट केली.

दुपार उतरणीला लागली तेव्हा कोल्हा एकदम थांबला. गवत संपले होते. समोर होती मुरमाची उघडी जागा. जेमतेम खळ्याएवढी. ना झाड, ना झुडूप, ना गवताची काडी. मधे थोडासा फुगवटा, आणि त्यावर इकडेतिकडे पडलेले चार दगडधोंडे. डोक्याला टेंगूळ यावे, तसे ते माळाला आलेले टेंगूळ. चढ कधी लागला तेही कुणाला कळले नव्हते.

"पुढे चल की," साळिंदर म्हणाले.

"पुढे..." कोल्हा म्हणाला. त्याने पुढे पाहिले. पुढे माळ पुन्हा उतरत गेला होता. मागे पाहिले, तिकडेही उतरत गेला होता. चारी बाजूंनी माळ हळूहळू खालीच जात होता. मधे हेच.

साळिंदर फुगवट्यावर चढले. चढले म्हणजे काय, चार पावले टाकली. "हा माथा? यापेक्षा माझ्या बिळाबाहेरचा मातीचा ढीग उंच आहे! कुठे आहेत ढग? घारी कुठे आहेत पायाखाली? आणि या टकलावर सगळ्यात वर ठेवलेला तुझा खडा कुठला, दाखव बघू?"

मावशी कोल्ह्याकडे बघत होती. ती रागाने बघत असती तर त्याला सोपे गेले असते. ती नुसती वाट बघत होती, तो आता काय सांगतो म्हणून.

तेवढ्यात त्याची नजर लांब गेली. माळाच्या पलीकडे एक डोंगर उभा होता. उंच, देखणा, देवळाच्या कळसासारखा टोकदार. अंगभर पिवळे गवत डुलत होते.

"तो काय तिकडे!" कोल्हा ओरडला. "तोच उंचमाथा. हा आपला उंबरठा आहे उंबरठा! मी म्हटलं, जरा दम घ्यावा. चला, आता थोडंच राहिलंय."

ससा आणि साळिंदर डोंगराकडे बघत राहिले. तो होताच तसा. जंगलात परत जाऊन सांगावा असा. पण झावळीची एक बाजू वाटेत फाटली होती, आणि समोर खोलगट भागात गवत आणखी दाट, आणखी उंच दिसत होते.

"मावशीला त्यातून ओढत न्यायला जमायचं नाही," साळिंदर म्हणाले.

"तुम्ही जाऊन या," मावशी म्हणाली. "मी बसते इथे."

"एकटी?" ससा म्हणाला.

"मला कोण उचलून नेणार आहे? जा तुम्ही. तळं दिसलं, तर कसं आहे तेवढं नीट बघून ठेवा, म्हणजे झालं. मला येऊन सांगा."

"आत्ता येतो, मावशी," एवढेच बोलून कोल्हा गवतात शिरला. त्याच्यामागे साळिंदर, आणि सर्वांत मागे ससा.

मावशी एकटी राहिली. मनातून ती कष्टी झाली होती. एवढी फरफट करून आलो आणि उंबरठ्यावरच बसलो, असे तिला वाटत होते. गोटा तिने खाली ठेवला. घरी परत न्यावा लागणार, असे म्हणत तिने त्याच्याकडे पाहिले, आणि तिची नजर बाजूच्या दगडांवर गेली.

मुरमाचा दगड खरबरीत असतो, तांबडा असतो. पण त्या दगडधोंड्यांत एक पांढरा होता. गुळगुळीत होता. तिने पंजाने माती उकरली. खाली तसाच दुसरा. पलीकडे एक काळा, नदीतला. एक बिळातल्या चिकणमातीने माखलेला, वाळून टणक झालेला. असे दगड माळावर आपोआप होत नाहीत. ते कुणीतरी घरून आणलेले होते.

"अगं बाई," मावशी स्वतःशीच म्हणाली. "हाच की तो."

मग तिला एक सुचले. हाच जर माथा असेल, तर... ती हळूहळू, एकेक पाय उचलत, मागे वळली. ज्या वाटेने ते आले होते तिकडे तिने मान जितकी लांब होईल तितकी केली. टकलावर गवताची काडी नव्हती, त्यामुळे मधे काहीही आडवे आले नाही. लांब, फार लांब, जंगलाच्या काळ्या रेघेला लागून काहीतरी चमकत होते. तिचे तळे! गोल नव्हते आणि लांबटही नव्हते. भाकरीचा एक घास कुणी मोडून घ्यावा, तसे होते. आणि तो मोडलेला घास म्हणजे जांभळाखालची तिची राहायची जागा. मावशीच्या डोळ्यांत पाणी आले.

त्या पाण्यातून तिला तळ्याच्या उजवीकडे काहीतरी हलताना दिसले. तिने डोळे मिटून पुन्हा उघडले. धूर होता. आधी एक बारीक रेघ. बघता बघता तिचा पडदा झाला, आणि त्या पडद्याखाली एक तांबडी किनार दिसू लागली. कुठून लागला कोण जाणे. वैशाखात वाळल्या माळाला वणवा लागायला निमित्त लागत नाही. वारा त्याला ढकलत आणत होता. सरळ या माथ्याकडे, आणि माथा नि डोंगर यांच्यामधल्या त्या खोलगट भागाकडे.

आणि त्या खोलगट भागात तिचे तिघे मित्र होते.

मावशी वळली. गवतात तिला ते दिसले नाहीत, पण ते जात होते तिथले गवत हलत होते. केसांत भांग पाडावेत, तसे तीन भांग पुढे पुढे चालले होते. त्यांच्या डोक्यावर गवत होते. आग त्यांना अंगावर आल्यावरच दिसणार होती. मावशीने आपल्या पायांखाली पाहिले. मुरूम, दगड, धूळ. ज्याची साळिंदराने थट्टा केली ते टक्कल. जळायला इथे काही नव्हतेच! ती वाचणार होती. पण ते?

"अरे!" ती ओरडली. "परत या रे!" तिचा आवाज तळ्यातल्या बुडबुड्याएवढा. तो माथ्याच्या कडेपर्यंतही पोचला नाही. ती पुन्हा ओरडली. गवत तसेच पुढे हलत राहिले.

मग तिला झावळी दिसली.

तिने दांडा तोंडात धरला. जिच्यावर बसून आली होती ती गाडी आता तिने स्वतः ओढायला घेतली. एक पाऊल. झावळी हलेना. दुसऱ्या हिसक्याला हलली, आणि मुरमावर तो आवाज झाला. खर्रर्र! दिवसभर ज्याला सगळे वैतागले होते, तोच. ती गोल गोल फिरू लागली. खर्रर्र, खर्रर्र.

तिन्ही भांग थांबले. दोन लांब कान उडीसरशी गवताच्या वर आले. सशाने ऐकले होते!

कान खाली गेले. आणि मग तिघे पुन्हा पुढेच चालू लागले. त्यांनी काय समजून घेतले ते मावशीला नंतर कळले. कोल्हा म्हणाला होता, "मावशी कंटाळली. एकटीच घरी निघालेली दिसतेय." आणि साळिंदर म्हणाले होते, "निघू दे. तिच्या चालीने ती आपल्या परतीपर्यंत दगडांच्या पलीकडे जायची नाही."

धुराचा वास आता तिच्याही नाकाशी आला. तांबडी किनार रुंद झाली होती. गवताच्या काड्या फुटल्याचा तडतड आवाज येऊ लागला. मावशी थांबली नाही. ओठांच्या कडा फाटल्या, तोंडात रक्ताची चव आली, तरी तिने दांडा सोडला नाही. झावळीच्या चिरफळ्या होऊन एकेक धांदोटी मागे पडत होती, आणि आवाज बारीक होत चालला होता. खर्र. खर्र. "ऐक रे सशा," ती मनात म्हणत होती. "घरी जाणारा एका जागी गोल गोल फिरतो का? ऐक!"

कान पुन्हा पुन्हा वर उडाले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. आणि मग एकदम अख्खा ससाच गवताच्या वर उभा राहिला. मावशी बघतच राहिली. तो कोल्ह्याच्या डोक्यावर चढला होता! जो कधी त्याच्यासमोर चालला नाही, तो त्याच्या दोन कानांच्या मधे उभा होता. त्याने माथ्याकडे पाहिले, मग धुराकडे. त्याची किंकाळी मावशीला ऐकू आली.

तिन्ही भांग उलटे फिरले.

आता शर्यत लागली. एकीकडून आग, एकीकडून ते तिघे. कोल्ह्याचा भांग बाणासारखा येत होता. तो सर्वांत पुढे, त्याच्यामागे साळिंदर. आणि तिसरा?

तिसरा मधेच थांबला होता. मावशीला कळले. ससा फार घाबरला की पळत नाही, थिजतो. अंग चोरून जमिनीला चिकटून बसतो. गवतात बसलेला ससा कुणाला दिसत नाही, पण आगीला दिसायची गरज नसते.

कोल्हा माथ्यापासून दहा उड्यांवर आला होता. तिथे तो थांबला. मागे वळला. आणि आला त्याच वाटेने परत गेला.

साळिंदर धापा टाकत वर आले. खडा पाठीत तसाच अडकलेला. "मावशी! आग!"

"मला काय सांगतोस आग! तो मागे का गेला?"

साळिंदराने पाहिले. धुराने आता गवत झाकून टाकले होते. भांग दिसेनासे झाले. "सशासाठी गेला असेल," ते हळू आवाजात म्हणाले.

"सोडवायलाच गेला असेल ना?"

"मावशी, आपण सकाळपासून कुणी काही खाल्लेलं नाही."

"त्याने शब्द दिलाय."

"शब्द सावलीत दिला होता. समोर आग दिसल्यावर शब्द कुणाला आठवतो?"

मावशीने झावळीचा उरलेला दांडा पुन्हा तोंडात घेतला आणि ओढू लागली. पान संपले होते, नुसता दांडा मुरमावर खरडत होता. धुरात डोळ्यांचा उपयोग नाही; पण आवाज ऐकून तरी वाट सापडेल. साळिंदराने ते पाहिले. मग तेही उठले आणि अंग झाडून सगळे काटे वाजवू लागले. खुळखुळ, खर्र, खुळखुळ, खर्र.

धूर फाटला. कोल्हा बाहेर आला. शेपटीचे टोक धुमसत होते, आणि त्याच्या जबड्यात ससा लोंबत होता. मान दातांत, पाय सैल.

दोघांचेही आवाज थांबले.

कोल्ह्याने वर येऊन जबडा उघडला. ससा मावशीसमोर पडला. हलला नाही. मावशीला त्याच्याकडे बघवेना.

मग सशाने एक डोळा उघडला. "सोडलंस?" त्याने विचारले.

"थू! थू!" कोल्हा म्हणाला. "तोंडभर केस झालेत नुसते! पळायला काय झालं होतं रे तुला? उचलून आणावं लागलं!" आणि तो बाजूला होऊन खोकत राहिला. ससा उठून बसला. मान ओली झाली होती, पण कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता. गालात खडा तसाच होता.

"गप्पा नंतर," मावशी म्हणाली. "मधे या. एकाला एक चिकटून बसा. धूळ उडवा अंगावर. साळिंदरा, काटे मीट."

"मिटलेत! जन्मात एवढे मिटले नव्हते!"

ते खरे असावे, कारण कुणी ओरडले नाही. चौघे त्या टेंगळाच्या मधोमध एक गोळा होऊन बसले. आग आली. आधी एका बाजूने, मग दोन्ही, मग चारी. गवत तडतडत होते, ज्वाळा कोल्ह्याच्या उंचीच्या तिप्पट उठत होत्या. नाकातोंडात धूर, पाठीला भट्टीसारखा शेक. तिघांनी तोंडे मावशीच्या ढालीच्या आडोशाला खुपसली. मावशीने डोळे मिटले नाहीत. आग मुरमाच्या कडेपर्यंत आली. तिथे तिने इकडे चाचपले, तिकडे चाचपले. खायला काही मिळेना. एक धांदोटी पेटून विझली. मग जशी आली तशी ती दोन्ही बाजूंनी फाकून पुढे निघून गेली.

बऱ्याच वेळाने कुणीतरी मान वर केली. दिवस मावळत होता. माळ काळा झाला होता. पलीकडे तो देखणा डोंगर पायथ्यापासून टोकापर्यंत पेटला होता. अंगावरचे सगळे गवत एकदम जळत होते. त्याच्यावर आता मुंगीसुद्धा राहिली नसती.

चौघे त्याच्याकडे बघत बसले. मग मावशीने उकरलेले पांढरे, काळे दगड तिघांना दाखवले, तेव्हा त्यांना कळले, की उंचमाथा तो नव्हे, हाच. कोल्हा आपली जळकी शेपटी चाटत होता.

"मी कधी आलो नव्हतो इथे," शेवटी तो म्हणाला. "माझा खडा नाहीये इथे."

"ते दुपारीच कळलं," साळिंदर म्हणाले. पण नेहमीसारखे टोचून बोलले नाही.

"इथे येऊनसुद्धा ओळखता आला नाही मला. आलो असतो, तर ओळखला असता. तुम्हाला तिकडे घेऊन गेलो ते..."

"घेऊन गेलास, आणि घेऊनही आलास," मावशी म्हणाली. तिच्या ओठांना बोलताना दुखत होते. "खडा घरचा लागतो. म्हणजे तुला पुन्हा यावं लागणार. आम्ही येऊ की बरोबर. गाडी मात्र तू शोध, ही संपली."

"कमी आवाजाची बघ," ससा म्हणाला.

"नको," साळिंदर म्हणाले. "होती तशीच बघ."

अंधार पडला तसे ते तिथेच निजले. सशाला झोप लागली तेव्हा त्याची पाठ कोल्ह्याच्या पोटाला टेकलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सशाने, साळिंदराने आणि मावशीने आपापला खडा उंचमाथ्यावर ठेवला, आणि चौघे काळ्या माळावरून मावशीच्या चालीने घराकडे निघाले. सर्वांत पुढे ससा चालत होता, आणि त्याच्या मागे कोल्हा.

तात्पर्य : डोंगर असो की मित्र, त्याची उंची लांबून बघून कळत नाही, संकटात तो आपल्याला कसा सांभाळतो, त्यावरून ती कळते.